जिलेटिनचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. या यादीत जिलेटिन नाही. ते बिचारं कुठंही गेलं की आधी कुळाची चौकशी!

मराठी माणसाला जिलेटिन म्हटलं की विहिरीच्या सुरुंगातल्या कांड्याच आठवतात. गंमत अशी, की नोबेलसाहेबांनी १८७५ साली केलेल्या त्या स्फोटक जिलेटिनमध्ये हे प्राण्यांचं जिलेटिन नव्हतंच. म्हणजे डोंगर फोडणारं जिलेटिन नुसतं नावाचं, आणि कॅप्सूलचं गोंडस टोपण बहुधा मांसाहारी!

खरं जिलेटिन निघतं जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून. हाडांतले क्षार आम्लानं काढायचे, उरलेला मऊ भाग कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, धुवायचा, गरम पाण्यात अर्क काढून गाळायचा, आटवायचा, वाळवून दळायचा. डुकराच्या कातड्याचं काम आम्लात लवकर उरकतं. हलाल जिलेटिनची कृतीही हीच. फरक कढईच्या आधीचा. जनावर निषिद्ध नको, ते धर्मनियमाप्रमाणे कापलेलं हवं, आणि यंत्रात दुसऱ्या मालाची सरमिसळ नको. किंवा सरळ माशाचं कातडं घ्यावं.

पण एवढे सोपस्कार झाल्यावर मूळ उरतं का? इस्लामी धर्मशास्त्रात अशा रूपांतराला 'इस्तिहाला' म्हणतात. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो चालतो, हे त्याचं जुनं उदाहरण. १९९५ साली कुवेतमध्ये जमलेल्या वैद्यक आणि धर्मशास्त्राच्या जाणकारांनी हाच न्याय जिलेटिनला लावला. इतर अनेक पंडित म्हणतात, छे! प्रथिन तेच, नुसतं तुटलंय.

यावर आपण हसू नये. भिंतीवर हार घातलेला आजीचा जुना कृष्णधवल फोटो बघा. जन्मात अंड्याला न शिवलेली ती माउली ज्या थरावर उमटली आहे, तो थर जिलेटिनचा! फोटो उतरवा असं घरात कुणी म्हणत नाही. आपणही इस्तिहाला पाळतो, फक्त नाव ठाऊक नव्हतं. मात्र तीच वस्तू न सांगता आजीच्या वाटीत घातली असती तर? तिथं रसायनशास्त्र संपतं आणि फसवणूक सुरू होते.

आमच्या बँकेतही रूपांतरं रोज चालतात. चोरीच्या पैशाची मुदतठेव केली, वर व्याजही चढलं, म्हणून पैसा सोवळा झाला का? नोटेला वास येत नाही. जिलेटिनच्या भुकटीकडे बघूनही गाय की डुक्कर, सांगता येत नाही. म्हणून शेवटी सगळा भार कागदावर: कुठून आलं, कुणी तपासलं, खाली सही कुणाची. ती सही खोटी असेल तर चुन्याचे सगळे आठवडे पाण्यात.

तेव्हा वस्तू बदलते की नाही, ते पंडितांनी ठरवावं. खाणाऱ्याला खरं सांगावं की नाही, यात पंडितांचं काम नाही. मी पडलो हाडाचा कारकून. हाडांच्या बाबतीतही माझं म्हणणं एवढंच, की ताळेबंद सावकाश दाखवा, आधी शिल्लक कुठून ओढली ते सांगा!