वर्गणी न मागणारं गाव

निवृत्ती जवळ आली की भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या मराठी घरांत एकच विषय निघतो: क्वार्टर सोडल्यावर कुठे? पूर्वी उत्तरं ठरलेली असत. नागपूरला भावांच्या शेजारी, पुण्याला मुलाकडे, नाहीतर दुर्गच्या आसपास प्लॉट घेऊन इथेच. आता ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून एक चौथं उत्तर कानावर येतं. दक्षिण अमेरिकेत, बहुतेकदा इक्वेडोरमध्ये, समुद्रकाठी एखादं लहानसं गाव, पेन्शन दाखवून मिळणारा व्हिसा, ताजी मासळी आणि शांतता. अजून कोणी बॅग भरलेली नाही, पण चहाबरोबर चघळायला विषय झकास आहे.

हिशोब म्हणून यात खोट नाही. इक्वेडोरने २००० साली स्वतःचं चलन सोडून अमेरिकी डॉलर घेतला. अमेरिकेतल्या पेन्शनवाल्याला तिथे पैसे बदलण्याचीही कटकट उरली नाही. भाडं कमी, हवा बरी. शंका आहे ती हिशोबातल्या शेवटच्या रकान्याबद्दल, शांततेबद्दल.

परक्या गावात जी शांतता मिळते, तिचा मोठा भाग आपल्याला तिथलं काही कळत नसल्यामुळे मिळतो. पाहुण्याला लाटा ऐकू येतात. त्याच किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्याला डिझेलचा भाव, दलालाची उधारी आणि वाढलेलं घरभाडं ऐकू येत असतं. आणि ते भाडं बहुधा त्या पाहुण्यामुळेच वाढलेलं असतं.

हे समजायला इतक्या लांब जायची गरज नाही. दुर्गहून राजनांदगावकडे निघालं की लगेच रसमडा लागतं. स्टेशन लहान, मोठ्या गाड्या धडधडत पुढे निघून जातात, पलीकडे भाताची शेतं. पुण्याहून आलेला पाहुणा संध्याकाळी गच्चीवर उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘किती शांत आहे हो तुमच्याकडे!’’ यजमानीण हसते. सकाळीच तिने तुळशीच्या पानांवरची काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसलेली असते, कारण शेजारी औद्योगिक क्षेत्र आहे, स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. कोणत्या कारखान्यात कंत्राटी मजुरांना काढलं, कोणाची जमीन गेली, कोणाचा मुलगा अजून नोकरीच्या आशेवर फाटकापाशी उभा राहतो, हे तिला ठाऊक आहे. पाहुणा उतरतो त्याच गच्चीवर तिला शांतता नाही. ती इथली आहे, एवढंच.

भिलाईने परदेशी रहिवासी पाहिले आहेत. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली आणि रशियन तज्ज्ञ कुटुंबांसह इथे राहून गेले. त्यांची आठवण मैत्री बागेत उरली आहे. पण ते कामाला आले होते, मुदत संपली की परत गेले. शांतता शोधायला आल्याचा आव त्यांनी आणला नव्हता. मला हा सरळ व्यवहार आवडतो.

त्यांच्या आधी आलेल्या मराठी माणसांची गोष्ट वेगळी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी घरं आहेत. माधवराव सप्रे १९०० साली पेंड्र्यातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढत होते, तेही हिंदीत. आणि रसमड्याहून त्याच रुळांवर थोडं पुढे, राजनांदगावात, हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध. मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी, भाऊ शरच्चंद्र मराठीतले नावाजलेले कवी. १९५८ साली दिग्विजय महाविद्यालयात नोकरी लागली, राहायला तळ्याकाठचं जुनं घर मिळालं, आत गोल फिरत जाणारा जिना. आयुष्यभर नोकऱ्यांच्या मागे धावलेल्या माणसाला शेवटी पाणी, झाडं आणि लहान गाव मिळालं. निवृत्तीच्या जाहिरातीत छापावं असं चित्र! तिथे बसून त्यांनी काय पूर्ण केलं? ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता. रात्रीची मिरवणूक, शहरात लष्कर, पाठलाग. १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, तेव्हा बाहेरचं जग त्या तळ्याकाठीही पोचलं. दोन वर्षांनी ते गेले. तळ्याने त्यांना शांत केलं नाही, पण त्या गावाने त्यांना आपलं मानलं. आज तिथे त्यांचं स्मारक आहे.

कोणी म्हणेल, कवीचं सोडा, आम्हाला चार दिवस निवांत काढायचे आहेत. जरूर काढावेत. चाळीस वर्षं पाळीच्या भोंग्यावर जगलेल्याला तेवढा हक्क आहे. फक्त कोणाचं काही देणं लागत नाही अशा जागी राहणं आणि वस्ती करणं या दोन गोष्टी एक नाहीत. १६ एप्रिल २०१६ ला इक्वेडोरच्या किनाऱ्यावर ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, शेकडो माणसं गेली. अशा दिवशी ज्याच्याजवळ दुसरा देश आहे त्याच्यासमोर एक दार उघडं असतं, आणि शेजाऱ्याला ते दिसत असतं. त्यात गुन्हा नाही, पण अंतर आहे.

म्हणून चौथ्या उत्तराच्या गप्पा निघाल्या की माझा प्रश्न असतो, तिथे तुमच्याकडे वर्गणी मागायला कोण येणार? इथे पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. पोरं टोपल्या-पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात आणि मराठी घरातली बाईही सुपातून ओंजळभर धान घालते, न घातलं तर दुसऱ्या दिवशी तिच्याबद्दल बोललं जातं. हल्ली नव्या वसाहतींना फाटक आणि चौकीदार आला की ही पोरं बाहेरच अडतात. तिथले लोकही म्हणतात, इथे फार शांत आहे. मग इक्वेडोरचं तिकीट कशाला?