सेवेचे वेतन

फादरांच्या रौप्यमहोत्सवात शाल, श्रीफळ नि पाकीट दिले, की ऋण फिटले असे आम्हांला वाटते. नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली. ते कॅथलिक नव्हते. तरी त्यातून उठणारा प्रश्न आमचाही आहे. पगार वजा केल्यावर सेवकाच्या पदरात उरते काय?

१९८७ साली स्थापन झालेला आपला नाशिक धर्मप्रांत अहिल्यानगरपासून खानदेशापर्यंत पसरलेला. फादरांनी कोठे शाळा उभारावी, कोठे भावाभावांतला तंटा मिटवावा. झाड फळ धरू लागले, की बदलीचे पत्र येते. म्हणजे कामाचे यशही पुरते त्यांचे नाही.

मग उरते पापनिवेदनाचे आसन. वीस वर्षे देवळाची पायरी न चढलेला एखादा बाप तेथे गुडघे टेकतो, रडतो, हलका होऊन घरी जातो. धर्मगुरूला याहून मोठे पारितोषिक कोणते? आणि नेमके तेच त्यांना कोणाला सांगता येत नाही; ते बंधन मरेपर्यंत सुटत नाही. आमच्या सत्काराच्या भाषणांत म्हणूनच इमारतींची यादी असते. तो बाप कदाचित मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवीत असेल, नि फादर त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत असतील.