ऑक्सिजन आणि ऑक्सिजनची खबर

करोनाच्या दुसऱ्या लाटेने ऑक्सिजन हा शब्द गावोगावच्या पारावर आणून ठेवला आणि तो तिथेच मुक्कामाला राहिला. जेऊरसारख्या उसाच्या, रेल्वेच्या आणि उजनीच्या फुगवट्याजवळच्या गावातही आता छातीठोकपणे सांगितलं जातं : खोल श्वास घ्या, रक्तातला ऑक्सिजन वाढवा. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगणं किंवा रात्री पिंपळाखाली झोपणं यांचा प्रतिवाद करण्यात शाई घालवण्याचं कारण नाही. श्वासाचा दावा मात्र शास्त्राची भाषा बोलतो, भली माणसं तो करतात, आणि तो चुकीचा आहे.

निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन बसल्याजागी ९७-९८ टक्के भरलेलं असतं. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांसाठी छाती किती फुगवणार? हवेतल्या २१ टक्के ऑक्सिजनपैकी साधारण १६ टक्के आपण उच्छ्वासावाटे परत करतो. आत घेतलेलाच पुरता वापरत नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने बदलतं ते दुसरंच. कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय, ख्रिस्तियान बोर यांनी १९०४मध्ये दाखवल्याप्रमाणे, हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन ऊतींना द्यायला कां-कूं करू लागतं. म्हणजे मेंदूच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन उलट कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि श्वासाच्या शिबिरात त्याला ऊर्जा म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं : मग आम्हाला बरं का वाटतं? संथ श्वासाने नाडी मंदावते, मन निवतं, हे कोण नाकारतो? पण बरं वाटणं हा ऑक्सिजन वाढल्याचा पुरावा नव्हे. दुसरं उत्तर ऑक्सिमीटर पुढे करून दिलं जातं : बघा, ९६चे ९९ झाले. झाले असतील. १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. त्यात या तीन आकड्यांनी पडणारी भर ०.६ मिलिलिटरची. एवढ्यासाठी शरीराची कुठलीच यंत्रणा जागची हलत नाही.

मुळात विज्ञानाला गेली शंभरेक वर्षं पडलेला प्रश्न ऑक्सिजन वाढवण्याचा नव्हताच. तो कमी पडल्याचं शरीराला कळतं कसं, हा होता. मानेतल्या धमनीलगतचा एक इवलासा पिंड रक्ताची चव घेऊन श्वास वाढवतो, या शोधासाठी हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. पण प्रत्येक पेशीला स्वतंत्रपणे कसं कळतं, याचं उत्तर सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांनी शोधलं. त्यांना २०१९चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. सेमेन्झांना सापडलेलं एचआयएफ हे प्रथिन पेशी सतत बनवते आणि सतत मोडून टाकते. वरवर हा शुद्ध अपव्यय. पण मोडण्याआधी त्या प्रथिनावर एक रासायनिक खूण करावी लागते, आणि ती करायला ऑक्सिजनच लागतो. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की वजनाने हात आपोआप आडवा व्हायचा आणि गाडी थांबायची, तसंच हे. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, प्रथिन तगतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं जागी करतं. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन सुटतं आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवायला लागते.

माझा सगळा आग्रह यापुढच्या एका भेदासाठी आहे : ऑक्सिजनचा तुटवडा वेगळा आणि तुटवड्याची खबर वेगळी. शरीर चालतं ते खबरीवर. फोन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन मुबलक असतो, पण एचआयएफ मोडणारा दुवाच निकामी होतो. पेशींना आपण गुदमरतोय असं वाटत राहतं आणि नको तिथे रक्तवाहिन्यांच्या गाठी वाढतात. उलट, अहमदाबादच्या झायडसने २०२२मध्ये बाजारात आणलेली डेसिडुस्टॅट ही गोळी मूत्रपिंडाच्या रुग्णाला ऑक्सिजनचा कणही देत नाही. ती फक्त खोटी खबर देते, आणि हिमोग्लोबिन वाढतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावला, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या पूर्वजांनी विरळ हवेत हजारो वर्षं काढली ती रक्त दाट करून नव्हे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जनुकात ही खबर मवाळ करणारा बदल आहे. अँडीज पर्वतातल्या अनेकांचं रक्त मात्र दाट होत जातं आणि तेच त्यांना आजारी पाडतं.

ऑक्सिमीटरचा मान मला कमी करायचा नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार फिरल्या, ते योग्यच होतं. धाप मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने लागते. करोनाच्या कित्येक रुग्णांत तो नीट बाहेर पडत होता. म्हणून ऑक्सिजन ८०वर येऊनही माणूस फोनवर गप्पा मारत असे. तुटवडा होता, खबर लागत नव्हती. ती ऑक्सिमीटरच्या त्या चिमट्याने दिली.

पण हाच चिमटा ऊसतोडीला आलेल्या बाईच्या बोटाला लावा. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तिचं हिमोग्लोबिन ७ असलं तरी चिमटा ९८ दाखवेल, कारण असलेलं हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय एवढंच त्याला कळतं. मुळात आहे किती, हे नाही. तिच्या मूत्रपिंडाला तुटवडा केव्हाच कळलेला असतो. एरिथ्रोपोएटिन वाढलेलं असतं, मज्जेला हुकूम पोचलेला असतो. खबर चोख आहे. रक्त बनवायला लोह नाही. तिला खोल श्वास घ्यायला शिकवून काय साधणार? तिचं हिमोग्लोबिन मोजायला बोटाला सुईच टोचावी लागते, आणि गोळ्या सुरू केल्यावर रक्त भरून निघालं तरी त्या आणखी काही महिने घ्याव्या लागतात, कारण शरीरातला लोहाचा साठा रक्तानंतर भरतो. तोवर टोळी दुसऱ्या कारखान्याच्या फडावर गेलेली असते.