शिक्षकाने संप करावा काय?

२००३ सालच्या जुलै महिन्यात तामिळनाडूतील सरकारी नोकर व शिक्षक यांनी संप पुकारला, आणि तेथील सरकारने दीड लक्षाहून अधिक माणसांना एका फटक्यासरशी नोकरीवरून दूर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २००३ रोजी निकाल देताना न्यायालयाने सांगितले की, सरकारी नोकरास संप करण्याचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला हक्क नाही, आणि नैतिक हक्कही नाही. पहिल्या दोन विधानांविषयी आमचे काही म्हणणे नाही. संघ स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात संपाचा हक्क अंतर्भूत होत नाही, हे त्याच न्यायालयाने १९६१-६२ सालीच ठरवून ठेवले होते. आणि कायदा काय आहे हे न्यायासनाने सांगावे व इतरांनी ऐकावे, हेच योग्य. नीतीच्या हक्काचा निवाडा मात्र ज्याने त्याने आपल्या विवेकाशी करावयाचा असतो, आणि तो करून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले आहोत आणि एकदा अशा लढ्यात सामीलही झालो आहो, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. म्हणजे आमच्या म्हणण्यातील पक्षपात वजा करून घेणे त्यांना सोपे जाईल.

शिक्षकांनी संप केला म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून एक ठराविक उद्गार ऐकू येतो: ‘गिरणीकामगाराने केला तर समजते, पण गुरूने?’ या उद्गारात आदर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. फक्त हा आदर वर्षभर झोपलेला असतो आणि पगाराची गोष्ट निघाली की खडबडून जागा होतो, एवढेच काय ते त्याचे वैगुण्य. गुरुकुलाचा दाखला देणाऱ्यांस आम्ही रघुवंशाच्या पाचव्या सर्गाची आठवण देतो. वरतंतूला शिष्याकडून दक्षिणा नको होती; कौत्साने फारच हट्ट धरला तेव्हा चिडून त्याने चौदा कोटी मागितले. कौत्स रघूच्या दारी गेला, त्या वेळी विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेल्या त्या राजापाशी अर्घ्य देण्यास मातीचे भांडे तेवढे उरले होते. तरीही तिजोरी रिकामी आहे असे सांगून त्याने कौत्साला वाटेला लावले नाही. तो कुबेरावर चाल करून जाण्यास सिद्ध झाला. या कथेतला निर्लोभ गुरू सर्वांस आठवतो. रिकाम्या तिजोरीचा राजा कोणास आठवत नाही.

दुसरे उदाहरण टिळक-आगरकरांच्या पिढीचे देण्यात येते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर आयुष्याची उमेदीची वर्षे वाहिली, हे खरे आहे. परंतु ती संस्था त्यांची स्वतःची होती. वेतन किती घ्यावे हे त्यांचे तेच ठरवीत. आणि याच विषयावरून त्या त्यागी मंडळींत इतकी कडाक्याची भांडणे झाली की, १८९० साली टिळक संस्था सोडून बाहेर पडले. आपण होऊन पत्करलेल्या दारिद्र्याला व्रत म्हणतात. दुसऱ्याने ठरवून दिलेल्या दारिद्र्याला तेच नाव देणे ही शब्दांची फसवणूक होय, आणि ती आपल्या राज्यात राजरोस चालते. २००० साली निघालेल्या योजनेप्रमाणे नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ असतो व त्याला ‘मानधन’ मिळते. प्राथमिक शाळेतील सेवकाचे हे मानधन २०२३ साली महिना ६,००० रुपयांवरून १६,००० करण्यात आले. म्हणजे तोवर धनात जी तूट होती, ती मानाने भरून काढलेली होती! ‘कायम विनाअनुदानित’ शाळांची कथा याहून विलक्षण आहे. २००९ साली त्यांच्या नावातील ‘कायम’ हा शब्द गळला. अनुदानाचा वीस टक्क्यांचा पहिला हप्ता पडण्यास २०१६ साल उजाडले. मधल्या वर्षांत तेथील कित्येक शिक्षक दिवसा शिकवीत आणि उरल्या वेळी शेतावर मजुरीस जात. अशा मनुष्याने संप करावा तरी कसा? त्याचे तोडण्याजोगे वेतनच नव्हते.

शिक्षकाच्या थोरवीचा उपयोग कसा होतो, याचा एक मासला न्यायालयाच्या दप्तरातही आहे. नोकरीवरून काढून टाकलेल्या गोव्यातील एका शिक्षिकेस १९४७ च्या औद्योगिक विवादांच्या कायद्याचा आसरा हवा होता. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ असला तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. विद्यादान हे उदात्त कार्य आहे, त्याची गणना अंगमेहनतीच्या किंवा कारकुनी कामात होत नाही. शाळेतील कारकुनाला जो आसरा मिळू शके तो त्या बाईंना मिळाला नाही, तो अशा रीतीने. कायद्याच्या शब्दांकडे पाहता निकाल बिनचूक असेल. पण ज्या उदात्तपणामुळे मनुष्याचे छत्र काढून घेतले जाते, त्या उदात्तपणाची ग्वाही त्याच मनुष्याला पुन्हा ऐकविणे हे आम्हांस तरी उचित वाटत नाही.

तेव्हा थोरवीचा मुद्दा आम्ही बाजूस ठेवतो. संपाविरुद्ध खरा वजनदार मुद्दा एकच आहे आणि तो म्हणजे मूल.

१९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी नोकर आणि शिक्षक यांचा जो संप सुरू झाला, तो ५४ दिवस चालला. आम्ही त्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसऱ्या इयत्तेत होतो. मुख्य मागणी केंद्र सरकारच्या नोकरांइतक्या महागाई भत्त्याची होती. या मागणीतला न्याय आम्हांस पुढे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही, कारण आमचे वडील टपालखात्यात होते आणि गुरुजींचे बिऱ्हाड भिंतीपलीकडे होते. एकाच्या पगाराला केंद्राचा भत्ता, दुसऱ्याच्या पगाराला राज्याचा. वाणी मात्र एकच, आणि त्याच्या दुकानातील ज्वारीचा भाव दोघांनाही एकच. जानेवारीत गुरुजींच्या घरी धान्य संपले. आमच्या आईने न बोलता दोन पायल्या ज्वारी भिंतीपलीकडे पोचविली. संप मिटल्यावर पहिला पगार झाला, त्याच दिवशी गुरुजींच्या मंडळींनी ती मापून परत आणली. आईने नको म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, “संप यांचा होता, वहिनी. तुमच्या कणगीचा नव्हता.”

ही गोष्ट आमच्या घरात पुढे पुष्कळदा सांगितली गेली. दुसरी एक गोष्ट कोणी सांगत नसे. आमच्याशेजारी तरटावर बसणाऱ्या एका मुलाचे आईबाप ऊसतोडणीस गेलेले होते, आणि शाळा आहे म्हणून त्याला मागे आजीपाशी ठेवले होते. शाळेला कुलूप पडल्यावर त्याला ठेवण्याचे कारण उरले नाही. धाकटे भावंड सांभाळण्यास तेथे कोणीतरी हवेच होते; गावातल्या एका गाडीबरोबर त्याची रवानगी झाली. फेब्रुवारीत शाळा उघडली तेव्हा हजेरीपटात त्याचे नाव तेवढे होते. गुरुजींनी पुढचे कित्येक रविवार शाळा भरवून आमचे बुडालेले पाढे व भागाकार पुरे करून घेतले. परंतु आमचे पाढे वडिलांनी रोज संध्याकाळी घोकून घेतले होतेच. ज्याला त्या रविवारांची गरज होती, तो कारखान्यावर होता.

कारखान्यातील संप आणि शाळेतील संप यांत जो भेद आहे, तो येथे दिसतो. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो, आणि म्हणूनच तो बोलणे करावयास येतो. शाळा बंद पडली तर सरकारचे काहीच बुडत नाही. उलट तितक्या दिवसांचे वेतन वाचते. तेव्हा सरकारवर दाब यावयाचा तो पालकांच्या ओरड्यामधूनच. आता ओरडा ऐकू जाणारे पालक कोणते, याचा वाचकांनी आपल्याच घरापासून विचार करावा. आपली मुले बहुधा जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जात नाहीत. मंत्र्यांची व सचिवांची तर नाहीतच. जेथे पालक दुबळा, तेथे संप लांबतो, कारण त्याच्या मुलाचे नुकसान कोणाच्याच कानी पडत नाही. २०२३ साली जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेला संप १४ मार्चला सुरू झाला, आणि २० मार्चला मागे घेण्यात आला. ते दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांचे होते. तो लवकर मिटण्याची कारणे अनेक असतील. हे त्यांपैकी एक नव्हते, असे आम्हांस म्हणवत नाही.

मग मुलाचे नुकसान होते म्हणून शिक्षकाचा हक्कच नाकारावा काय? तसे करणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात काय दिले, हे प्रथम पाहिले पाहिजे. जर्मनीत कायम सरकारी सेवकांच्या वर्गात मोडणाऱ्या शिक्षकांस संप करता येत नाही. तेथील घटना-न्यायालयाने ही बंदी १२ जून २०१८ रोजी योग्य ठरविली, आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये तीत दोष पाहिला नाही. परंतु त्या बंदीला जोडूनच दुसरे तत्त्व आहे: अशा सेवकाचा त्याच्या पदाला साजेल असा योगक्षेम आजन्म चालविणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य होय, आणि त्यात कसूर झाल्यास तो न्यायालयात जाऊ शकतो. त्याच देशात जे शिक्षक करारावर नेमलेले असतात त्यांस हे आश्वासन नाही, म्हणून संपाची मनाईही नाही. हा व्यवहार आम्हांस सरळ वाटतो. आपल्याकडे बंदी आहे, जोडीचे तत्त्व नाही. वेतन आयोगांनंतर कायम झालेल्या शिक्षकाची स्थिती १९७७ सालासारखी हलाखीची राहिलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. स्वतःच्या पगाराकडे पाहून आम्ही ते नाकारू तर ती लबाडी होईल. पण सेवक, विनाअनुदानित, तासिकेवर राबणारे यांची स्थिती तशी नाही, आणि हक्काचा विचार त्यांच्याकडे पाहून करावयाचा.

शिवाय मुलाच्या वेळेची एवढी कळकळ सरकारला खरोखरच आहे काय? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० व सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असे ठरविले आहे. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, निवडणुका आणि आपत्तीनिवारण या कामांवर पाठविण्याची मुभा ठेविली आहे. सरकारला गरज पडली तर पाठ थांबू शकतो. शिक्षकाला गरज पडली तर ते पाप!

इतके म्हटल्यावर आमचे मत उघड आहे. ज्याची दाद घेण्याचे सर्व मार्ग बंद केले, त्याला काम थांबविण्याचा नैतिक हक्क आहे, आणि तो शिक्षक आहे म्हणून कमी होत नाही. परंतु शिक्षकाची नाती दोन असतात. वेतनाचे नाते सरकारशी, विद्येचे नाते मुलाशी. पहिल्यात अन्याय झाला म्हणून तो दुसरे तोडतो, तेव्हा ज्याने त्याचा काहीच अपराध केला नाही त्याच्याकडून तो उसनवारी करीत असतो. मागणी न्याय्य होती म्हणून ही उसनवारी फिटत नाही. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षकांनी, तेथे कायद्याने असा हक्क नसताना, पंचावन्नही काउंटींतील शाळा नऊ दिवस बंद ठेवल्या व पाच टक्के वेतनवाढ मिळविली. संपाला निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले: शाळेतल्या जेवणावर ज्यांचे पोट अवलंबून होते त्या मुलांसाठी अन्नाच्या पिशव्या भरल्या. जेवणाची सोय झाली, पाठांची नंतर करावी लागते. पण आपण कोणाचे देणे लागतो हे त्यांना दिसत होते. आमच्याकडे संप मिटविताना जी बोलणी होतात, त्यांत संपाचे दिवस कोणत्या रजेत जमा करावयाचे यावर घासाघीस चालते. बुडालेल्या पाठांसाठी मात्र आमच्या संघटना तितक्याच आग्रहाने एखादे कलम लिहून घेताना आम्ही पाहिल्या नाहीत.

आम्ही स्वतः काय केले तेही सांगितले पाहिजे. २०१३ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळावी ही त्यातली एक मागणी होती. ती न्याय्य होती, असे आम्ही आजही म्हणतो. एप्रिलच्या एका दुपारी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या खोलीत आली. तिला एका ठिकाणी नोकरी देऊ केली होती. गुणपत्रक जूनअखेर दाखवावयाचे होते. “निकाल वेळेवर लागेल का, सर?” एवढेच तिने विचारले. आम्ही तिला आमची बाजू समजावून सांगितली: किती वर्षे थकबाकी राहिली, किती अर्ज केले, कोणती आश्वासने मोडली. तिने उभ्याउभ्याच सर्व ऐकून घेतले, “तुमचं बरोबर आहे, सर,” म्हणाली आणि निघून गेली.

थकबाकी पुढे हप्त्याहप्त्याने हाती आली. तिच्यातून आम्ही घराच्या कर्जाचा काही भाग फेडला. त्या मुलीचा पत्ता महाविद्यालयाच्या दप्तरात होता. आम्ही तो कधी काढून पाहिला नाही.