उंची घेतली, जमीन सोडली

वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी 1956 साली शिकागोसाठी एक मैल उंचीची इमारत कागदावर उभी केली. 528 मजले, अणुऊर्जेवर चालणाऱ्या 76 लिफ्ट, आत लाखभर माणसं. ती कधीच बांधली गेली नाही. राइट तेव्हा 89 वर्षांचे होते आणि दाटीवाटीच्या शहरांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. असा माणूस एवढ्या उंचीच्या मागे का लागला? त्यांना हवी होती खालची जमीन. माणसं वर गेली की भोवती झाडं आणि मोकळं रान राहील, हा त्या चित्रातला खरा विचार. मला तो उंचीपेक्षा धाडसी वाटतो.

आपण त्यातली उंची तेवढी उचलली. मुंबईत लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा टॉवर 442 मीटरचा व्हायचा होता; विमानतळ प्राधिकरणाने तेवढ्या उंचीला परवानगी दिली नाही आणि तो 280 मीटरवर थांबला. या कमी झालेल्या उंचीची चर्चा पुष्कळ झाली. त्याच गिरणगावासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला होता. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांपाशी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा चौक त्यात होता. तो झाला नाही, आणि त्याची हळहळ फारशी कुणाला वाटली नाही. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. चौक असता तर ते वाचलेच असते, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण गर्दीला पाय ठेवायला जागा लागते, हे त्या समितीला एकवीस वर्षं आधी दिसलं होतं.

पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत उंची आराखड्याविनाच वाढली. विजयनगर, तापकीरनगरच्या गल्ल्यांत गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर घरं उठली. कारखान्यातला पगार, भिशी, गावाकडचं थोडं शेत विकून एकेक मजला चढला. आजही गच्च्यांवर कॉलमच्या सळया उघड्या दिसतात, गंजू नयेत म्हणून टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. पोराच्या लग्नाआधी वरचा मजला काढायचा असतो. गॅलऱ्या इतक्या जवळ की भाजीची वाटी हातोहात पलीकडे जाते. खाली मात्र टँकर वळत नाही. याचा दोष त्या कुटुंबांना देणं मला मान्य नाही. त्यांना परवडला तेवढा तुकडा त्यांनी घेतला. सगळ्यांसाठी जागा राखणं हे नियोजनाचं काम होतं.

2025 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि हजारो हरकती दाखल झाल्या. साहजिकच आहे. उभ्या वस्तीत रस्त्याची किंवा बागेची रेघ ओढली की ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते. पवनेकाठची शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली जात होती, तेव्हा हीच रेघ ज्वारीच्या रानातून गेली असती आणि शेतकऱ्याला रीतसर मोबदलाही मिळाला असता.