मापाचे नाव आणि मापातले वजन



पावसाळ्यापूर्वी लालबागच्या मसाला बाजारात आपण गेला असाल, तर डंखांचा तो अखंड ठोका आणि घशाला झोंबणारी मिरचीची धूळ आपल्या परिचयाची असेल. बेडगी, काश्मीरी, संकेश्वरी मिरचीची पोती, धण्याचे ढीग आणि वर्षाचा मसाला कुटून घेण्यासाठी रांगेत बसलेल्या आयाबहिणी. आमच्या मोहल्ल्यातील एक विधवा भगिनीही येथूनच मसाला कुटून नेतात व घरी पाव किलोच्या पुड्या बांधून विकतात. दोन मुलांचे शिक्षण त्यावरच चालते.

त्यांचे माप म्हणजे स्टीलचा एक पेला. त्याच्या तळाशी २५० मिली असे कोरलेले आहे. पेला दाबून भरायचा, वर शीग चढवायची आणि पुडी बांधायची. दोन वर्षे हेच चालले होते. गेल्या शाबान महिन्यात त्यांच्या मुलीला शाळेतून वस्तुमान आणि आकारमान या विषयाचा उपक्रम मिळाला. तिने मैत्रिणीकडून लहानसा वजनकाटा आणला आणि घरातील वस्तू त्याच पेल्याने मापून वजन करू लागली. पाणी बरोबर २५० ग्रॅम भरले. तांदूळ थोडे कमी भरले. शीग लावलेला मसाला मात्र भरला १६० ग्रॅम.

असरच्या नमाजनंतर त्या भगिनी मशिदीच्या पायरीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "इमामसाहेब, मी तर नेहमी शिगोशीग भरून दिले. मग दोन वर्षे मी लोकांचे खाल्ले का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला दोन दिवस लागले, हे प्रांजळपणे सांगतो.

मापात कसूर करणाऱ्यांविषयी पवित्र कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना घटवून देणारे, अशा लोकांच्या विनाशाच्या इशाऱ्यानेच ती सुरू होते. हा शब्द ज्या धातूपासून आला आहे, त्याचा अर्थ क्षुल्लक, किरकोळ. म्हणजे येथे दरोड्याची गोष्ट नाही, चिमूटभराची आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनवासीयांना एकेश्वरत्वाच्या आवाहनाबरोबरच माप आणि तोल पुरा करण्यास सांगितले होते. आपल्या मराठीत दोनच शब्दांत हे सामावले आहे: मापात पाप.

परंतु हा इशारा जाणूनबुजून कमी देणाऱ्यास आहे. आमच्या भगिनीने लबाडी केली नव्हती. तिने मिलीलिटर आणि ग्रॅम एकच मानले, एवढेच. ते पाण्यापुरते खरे आहे. मिरचीच्या पुडीला ते लागू नाही. पेला जागा मोजतो आणि काटा वजन मोजतो. हा भेद काही आजच्या पाठ्यपुस्तकाने शोधलेला नाही. माप मदीनावासीयांचे आणि वजन मक्कावासीयांचे प्रमाण मानावे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व नसाई यांनी नोंदविली आहे. मदीना खजुरीच्या बागांचे नगर. तेथे धान्य व खजूर भांड्याने मापत. मक्का व्यापाऱ्यांचे; तेथे सोने-चांदी तोलत. फित्र्याचा साअ हे मुळात भांडे आहे, वजन नव्हे. म्हणूनच एक साअ तांदूळ आणि एक साअ खजूर यांचे किलो सारखे भरत नाहीत.

त्या साअवरूनही मोठा मतभेद झाला. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते साअ आठ रतलांचा. त्यांचे थोर शिष्य काझी अबू यूसुफ (रह.) मदीनेस गेले, तेव्हा इमाम मालिक (रह.) यांच्याशी चर्चा झाली. बैहकी यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार, मुहाजिर व अन्सार यांचे सुमारे पन्नास वंशज आपापल्या घरातील साअ घेऊन आले. प्रत्येकाने ते वाडवडिलांकडून आल्याचे सांगितले. अबू यूसुफ यांनी ते तपासले, तर सव्वापाच रतलांहून किंचित अधिक. त्यांनी आपल्या गुरूंचे मत सोडले. खलिफा हारून रशीद यांचा हा सरन्यायाधीश, पण पुढ्यात भांडे आले तेव्हा त्यांनी ते मोजून पाहिले. (हनफी फतवा आजही आठ रतलांवर आहे, आणि आपल्या कोकणी शाफई बांधवांचा हिशेब वेगळा. दोन्ही आदरणीय आहेत. ज्याने त्याने आपल्या मार्गानुसार द्यावे.)

रतल म्हटले की परळ-गिरगावातील वृद्धांना रत्तल आठवेल. शब्द तोच, अरबीतून आलेला. पण मुंबईचा रत्तल म्हणजे इंग्रजी पौंड, सुमारे ४५४ ग्रॅम, आणि फिकहच्या ग्रंथांतील बगदादी रतल त्याहून हलका. मणाचेही तेच. जुन्या मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, तेव्हा हा गोंधळ मिटला असे वाटले. पण तोळा उरला.

जकातीचा निसाब आपण साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी असा पाठ केला आहे. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्यानुसार सोने ८७.४८ ग्रॅम व चांदी ६१२.३६ ग्रॅम होते. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्या हिशेबाने चांदीचा निसाब ५२५ ग्रॅमवर येतो. कोणी म्हणेल, बिघडले काय, जकात थोडी अगोदर निघेल. पण जिच्याजवळ साडेपाचशे ग्रॅम चांदीच्या दागिन्यांखेरीज काहीच नाही, अशा एखाद्या गरीब स्त्रीला आपण साहिबे-निसाब ठरवून जकात नाकारू, तर हनफी मतानुसार तो तिच्यावर अन्याय ठरेल. म्हणून रमजानपूर्वी दागिन्यांचे वजन ग्रॅममध्येच करून घ्यावे. खडे व मणी वगळून, शुद्धतेसह.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्यांना सांगितले की, अजाणता घडले, त्याचा गुनाह आपल्यावर नाही, इन्शाअल्लाह. परंतु माणसांचा हक्क अज्ञानाने माफ होत नाही. जे ग्राहक आठवतात, त्यांना उरलेला मसाला किंवा त्याची किंमत द्यावी, अथवा सारे खरे सांगून माफी मागावी. जे आठवत नाहीत, त्यांच्या वतीने सदका करावा. ग्राहक मुस्लिम असो वा शेजारच्या चाळीतील हिंदू, हक्क सारखाच.

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितले तर पुन्हा कोण घेईल माझ्याकडून?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मुलीने वहीत नावे लिहून काढली. सव्वीस घरे निघाली. रमजान लागण्यापूर्वी मायलेकी दर सायंकाळी दोन-तीन घरी जात होत्या, सोबत पुड्या आणि तो काटा घेऊन. बहुतेकांनी माफ केले. चार घरांनी मोजून घेतले, आणि तो त्यांचा अधिकारच होता. दोन घरांनी मसाला घेणे थांबविले. चाळीतील एका वृद्ध काकूंनी पुडी काट्यावर ठेवायला लावली, आकडा चष्मा लावून वाचला आणि पुढच्या महिन्याचा अर्धा किलो तेथेच सांगून ठेवला.

तो स्टीलचा पेला आता त्यांच्या घरी पाणी पिण्यासाठी वापरतात.