‘हातून घडले’ : कर्मविपाक आणि नैतिक उत्तरदायित्व

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे दहावे प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयावर आहे. हे प्रकरण बहुधा वेदान्ताचे मंडन म्हणून किंवा कर्मयोगाची पूर्वतयारी म्हणून वाचले जाते. त्यात एका रूढ संकल्पनेवर झालेली शस्त्रक्रिया मात्र सहसा नजरेआड राहते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही त्रयी टिळक तेथे मोडतात. आज घडणारे कर्म हा प्रारब्धाचाच परिणाम असेल, तर क्रियमाण असा तिसरा भेद मानण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्याचे फळ भोगणे सुरू झाले ते आणि ज्याचे सुरू झाले नाही ते, अशी दोनच कर्मे राहतात. हा फेरफार वरवर केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः लोकसमजुतीत क्रियमाण हीच माणसाला जाब विचारण्याची जागा होती.

ती जागा गेल्यावर स्वातंत्र्याला दुसरीकडे आश्रय द्यावा लागतो. मन, बुद्धी, इच्छा ही सारी प्रकृतीच्या साखळीत बांधलेली. म्हणून टिळक स्वातंत्र्य इच्छेला न देता आत्म्याला देतात. परंतु वेदान्तातला आत्मा अकर्ता आहे. हत्यार हाती घेतले की कर्ता, खाली ठेवले की स्वस्थ, असा सुताराचा दृष्टांत ब्रह्मसूत्रांत येतो तो हीच अडचण दूर करण्यासाठी. ती दूर होते का? मोक्षाची प्रेरणा कोठून येते या प्रश्नाला या मांडणीत उत्तर आहे. अपराध कोणाचा, या प्रश्नाला नाही. दुष्कृत्य घडते ते बुद्धीच्या द्वारे आणि बुद्धी परतंत्र. स्वतंत्र असतो तो आत्मा आणि त्याला डाग लागत नाही. दोष पदरी घालावा असा पदरच शिल्लक राहत नाही.

टिळकांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. एप्रिल १९०८ मध्ये मुजफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील दोन अग्रलेख राजद्रोहाच्या खटल्याचे कारण ठरले. बाँबचे समर्थन न करता त्याचे मूळ राज्यकर्त्यांच्या दडपशाहीत दाखवणे, ही त्यांतील भूमिका. एखाद्या कृत्याचे कारण सांगणे म्हणजे त्याची तरफदारी करणे नव्हे, हा भेद न्यायालयाला पटला नाही. ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरवल्यावर टिळकांनी, माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य वरिष्ठ शक्तींच्या हाती असते, असे म्हटले. पण अग्रलेखांत त्यांनी दडपशाही दैवाच्या माथी मारली नव्हती, शीर्षकात ‘दुर्दैव’ असूनही. स्फोटाला कारणे आहेत तशी दडपशाहीलाही असणारच. तरी ती साखळी एका ठिकाणी तोडून ‘हे तुम्ही केले’ असे सरकारला बजावल्याखेरीज आरोप उभा राहत नाही. दहाव्या प्रकरणात ज्या क्रियमाणाला रजा मिळाली, त्याच्याच बळावर हे अग्रलेख उभे आहेत.

इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ साली हाच पेच वेगळ्या बाजूने हाताळला. राग, कृतज्ञता, क्षमा या वृत्ती नियतिवाद खरा की खोटा याच्या निकालाची वाट पाहत नाहीत. त्या माणसांच्या परस्परसंबंधांतच रुजलेल्या असतात. आपण एखाद्याला सोडून देतो ते त्याला ठाऊक नव्हते म्हणून, त्याला ढकलले गेले म्हणून किंवा ते लहान मूल होते म्हणून. त्याच्या कृत्याला पूर्वकारणे होती म्हणून नव्हे. स्ट्रॉसन यांचा पुरावा आहे तो रोजच्या व्यवहाराचा, आणि म्हणूनच तो मराठीत तपासून पाहण्याजोगा आहे.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामी येते. तेथवर चालत आलेला वारकरी ‘मी वारी केली’ असे क्वचितच म्हणतो. ‘वारी घडली’ म्हणतो. हेच क्रियापद दोषाच्या वेळीही येते : ‘माझ्या हातून अपराध घडला’. व्याकरण दोन्हीकडे कर्त्याला बाजूला सारते, पण परिणाम उलटे होतात. पहिल्या वाक्यात श्रेय सोडून दिले जाते आणि तेथेच वाक्य संपते. दुसरे तेथे संपू शकत नाही. त्याला क्षमेची याचना जोडावी लागते, नाहीतर ऐकणारा ताटकळतो. ‘हातून’ म्हणणारा स्वतःला साधन मानतो, प्रारब्धही अमान्य करत नाही, तरी हात आपलाच असल्याची कबुली देतो. अकर्ता आत्मा आणि परतंत्र बुद्धी यांच्यामधली, टिळकांच्या विभागणीत न सापडणारी जागा या एका शब्दयोगी प्रयोगात टिकून आहे. सुताराच्या दृष्टांतात चर्चा होते ती सुताराची आणि हत्याराची. हत्यार धरणाऱ्या हाताकडे भाष्यकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

हा प्रयोग सौम्य आहे, म्हणून त्याचा गैरफायदाही घेता येतो. सार्वजनिक निवेदनांत आढळणाऱ्या ‘चूक झाली’ या वाक्यातून ‘हातून’ गळालेले असते. अशा वेळी ऐकणारा कर्मविपाकाचा वाद घालत बसत नाही. तो एवढेच विचारतो, ‘कोणाच्या हातून?’